नवमीला उतरवलेली घंटी

आईला धनजहून कारंज्याला आणलं, तेव्हा त्या दवाखान्याचं बांधकाम चालूच होतं. सत्तरनंतरची वर्षं ती. ओल्या गिलाव्याचा वास मारणाऱ्या एकाच खोलीत रोगी ठेवले होते. आईची छाती कफानं भरलेली, शेजारच्या खाटेवरच्या बाईला धाप लागलेली. मागच्या टिनाच्या शेडमधल्या सिलिंडरातून नळीनं ऑक्सिजन यायचा. त्याचा दाब उतरला की भिंतीवरची घंटी कोकलायची, मग बांधकामावरचा मिस्त्री पान्यानं दुसरं सिलिंडर उघडायचा.

घंटी वाजली की आई दचकायची. "कोनाले बलावते रे हे?" म्हणायची. मी हसण्यावारी न्यायचो. सिलिंडरवरचा काटा मात्र कोणी बघायला जात नसे. घंटी आहे ना, म्हणत.

खंडेनवमीला सकाळी मिस्त्रीनं करणी, ओळंबा, पाना, सगळं धुऊन शेडमध्ये पाटावर मांडलं. तार सोडवून घंटीही खोलीच्या भिंतीवरून उतरवली, हळदकुंकू लावून तिला झेंडू वाहिला.

"रोज बोंबलते बिचारी. आज तिले बी आराम," तो म्हणाला.

बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यापासून आमच्या घरी हत्यारपूजा बंद होती. बोलणं ओठांवर आलं होतं. पण परक्या गावात, आई खाटेवर असताना, कोण वाकड्यात शिरणार? प्रसादाचं खोबरं घेतलं.

खोली एकदम शांत झाली. मला ती शांतता खायला उठली, आईला मात्र आवडली. "आज बरं वाटून राह्यलं," म्हणाली आणि तिनं डोळे मिटले.

दुपारी तिची नखं निळी दिसली. नळीपाशी हात नेला, तर हवाच नव्हती. मी ओरडलो. नर्सबाई जेवता जेवता धावत आल्या.

"पन घंटी तं वाजली नाही!" त्या म्हणाल्या, आणि आम्ही दोघांनी भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्याकडे पाहिलं.

मी शेडकडे पळालो. काटा शून्यावर टेकला होता. मिस्त्री पाटाशी आला आणि पाना उचलायच्या आधी वाकून त्याच्यापुढे हात जोडून उभा राहिला. त्या जोडलेल्या हातांचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. मी त्याला ढकललं, फुलांतून पाना ओढला आणि त्याच्या हातात कोंबला. त्यानं दुसरं सिलिंडर उघडलं.

धावत खोलीत आलो. नळी जोरात फुसफुसत होती. नर्सबाई ती आईच्या नाकातून काढून शेजारच्या खाटेवरच्या बाईला लावत होत्या.