मेंबरांची मागची वाट

मेंबर स्वतःच्या घरातून पुढच्या दाराने बाहेर पडलेले मला फारसे आठवत नाहीत. ते मागच्या भिंतीवरून आमच्या अंगणात उतरायचे. त्यांच्या बाजूला एक लोखंडी स्टूल होता, आमच्या बाजूला धुण्याचा दगड. अंगात कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात चपला, आणि दगडावर पाय टेकता टेकता म्हणायचे, "ताई, जरा वाट द्या." मग आमच्या स्वयंपाकघरातून पलीकडच्या गल्लीत, आणि तिथून कटिंगच्या दुकानात. आमच्या वॉर्डाचा निवडून आलेला नगरसेवक दाढी करायला असा चोरासारखा जायचा, कारण त्याच्या ओट्यावर उजाडल्यापासून माणसं बसलेली असायची.

ते मूळचे पाचोडचे. शहरात आले ते सिमेंट-पत्र्याचं दुकान टाकायला, तेव्हा आमच्या या भागात ज्वारी उभी असायची. पुढे शेतं गुंठ्या-गुंठ्याने विकली गेली. लोकांनी आधी घरं बांधली आणि मग रस्ता, नळ, ड्रेनेज कुठे आहे ते विचारायला सुरुवात केली. विचारायचं कुणाला, तर दुकानदाराला. शेवटी सगळ्यांनी मिळून त्यांनाच उभं केलं आणि निवडून आणलं. "ह्या सगळ्या घरांना सिमेंट म्याच इकलं, ताई. आता निस्तरणार कोण?" असं ते हसत हसत म्हणायचे, पण त्यांना ते मनापासून वाटत असे.

नाही म्हणणं त्यांना जमलंच नाही. नळाला आठ-आठ दिवस पाणी नसायचं. रिक्षावाले चाचा ओट्यावर येऊन विचारायचे, "मेंबरसाब, पानी कब आता?" मेंबर म्हणायचे, "आता आता. बैठो, चाय पियो." आलेल्या प्रत्येकाला चहा, आणि चहा संपला की एकच शब्द, "बघतो." मी एकदा शाळेत मुलांना सांगते तसं म्हटलं, होत नसेल तर सरळ सांगून टाका की. तर म्हणाले, "नाय म्हणलं की माणूस गप घरी जातो. पण मग मला जेवण जात नाय." वहिनी आतून म्हणाल्या, "निवडून हे आले अन् गॅसपाशी उभी मी." त्या विनोद म्हणून बोलत नव्हत्या.

मुदत संपली, सभागृह बरखास्त झालं, प्रशासक आले. मेंबरांनी त्या दिवशी दारावरची पाटी स्वतः स्क्रू काढून उतरवली, ती काखेत घेऊन आमच्याकडे आले आणि दोन कप चहा प्यायले. "सुटलो," म्हणाले. दुसऱ्या दिवशी ओट्यावर तीच माणसं.

"मी आता मेंबर नाय," मेंबरांनी सांगितलं.

"व्हय, म्हायती हाय," कोपऱ्यावरच्या आजी म्हणाल्या. "फोन तेवढा लावा."

पूर्वी पालिकेतले साहेब लगेच फोन उचलायचे. आता ते कायम मीटिंगमध्ये असायचे. मग मेंबर स्वतः ऑफिसात जाऊन बाकावर बसून यायचे. परतताना भिंत चढताना त्यांचे गुडघे कुरकुरत. "खुर्ची होती तवा काम होत नव्हतं," ते म्हणाले, "आता खुर्ची गेली तरी काम मागं लागलंय. ह्यातून उठायचं कसं, तेवढं सांगा." इतक्या भल्या माणसाला त्याच्याच घरात कोंडून ठेवणाऱ्या आम्हा सगळ्यांचा मला तेव्हा राग आला होता.

त्यांचं सगळं चित्त पाचोडला होतं. तिथे त्यांनी स्वतःच्या हाताने लावलेली मोसंबीची बाग होती, भाऊ बघायचा. "ह्या बहाराला जातोच," हे दर वर्षी ठरलेलं. एकदा खरंच टेम्पो आला. पलंग चढला, कपाट चढलं, आणि कोपऱ्यावरच्या आजी आल्या. त्यांच्या घरात ड्रेनेजचं पाणी उलटं शिरलं होतं. मेंबरांनी टेम्पोतून खुर्ची उतरवली, आजींना बसवलं आणि फोन लावत राहिले. ड्रायव्हर चाकाला टेकून झोपून गेला. दिवस मावळायला आला तेव्हा वहिनी म्हणाल्या, "गॅस तेवढा उतरवा. लोकांना चहा लागंल."

पुढच्या बहाराला वहिनी थांबल्या नाहीत. बॅग घेऊन पुढच्या दाराने निघाल्या, ओट्यावरच्या लोकांना "बसा" म्हणाल्या आणि एसटीने एकट्या पाचोडला गेल्या. मेंबर आमच्याकडे जेवायला येऊ लागले. भाकरी मोडत म्हणायचे, "ती म्हणती, फुलांचा वास पार घरात येतोय." आणि अर्धी भाकरी ताटात ठेवून उठायचे. ते मला बघवत नसे.

एका सकाळी ते भिंतीवरून उतरले. हातात चपला आणि एक पिशवी. "ताई, जरा वाट द्या." मला वाटलं दाढीला निघालेत. दाराशी थांबून त्यांनी घराची किल्ली माझ्या हातात ठेवली. "तुळशीला पाणी घाला. आलं तर," म्हणाले आणि गेले. ओट्यावरची माणसं दुपारपर्यंत त्यांची वाट बघत बसली होती. मग कुणीतरी म्हणालं, मास्तरीणबाईंचं अन् मेंबरांचं घरचं जाणं-येणं हाय, त्यांना साहेबांचे नंबर माहीत असतील.

नंबर मला माहीत होते. मी एक फोन लावला, एवढंच.

परवा मेंबरांचा फोन आला. आवाज इतका मोकळा होता की मी आधी ओळखलाच नाही. "ताई, बहार लई धरलाय औंदा. मोसंबी पाठवतो. तिकडं पाणी येतंय का?"

"येतं की," मी म्हटलं.

"माझं कुणी इचारतं का?" आवाज जरा खाली आला होता.

मी खिडकीतून पाहिलं. माझ्या ओट्यावर चाचा, आजी आणि आणखी चार-पाच जण बसले होते. गॅसवर मोठं पातेलं उकळत होतं. "नाही हो," मी म्हटलं. "कुणी नाही. तुम्ही आता तिकडेच राहा."

फोन ठेवला आणि घड्याळ पाहिलं. शाळेची वेळ झाली होती. सगळ्यांना चहा दिला, "बघते" म्हणाले आणि चपला हातात घेऊन मागच्या भिंतीपाशी गेले. स्टूल मी आता आमच्या बाजूला आणून ठेवला आहे.