तिला नावं ठेवायला माणूस लागतं

बायकोचं वर्षश्राद्ध उरकलं आणि मुलगी मला चिंचवडहून रत्नागिरीला घेऊन आली. "चार दिवस हवापालट करा आप्पा," म्हणाली. तिच्या घरी माझ्यासाठी एक खोली रंगवून ठेवलेली बघितली, तेव्हाच ओळखलं, हे चार दिवसांचं काम नाही.

रोज मला कुठंतरी न्यायचे. सकाळी पावस, दुपारी भाट्याची वाळू. दुसऱ्या दिवशी गणपतीपुळे. मग थिबा राजाचा वाडा, मग कुठला किल्ला. जावई भला माणूस. रजा टाकून गाडी चालवायचा आणि प्रत्येक ठिकाणी विचारायचा, "कसं वाटलं मामा?" मी म्हणायचो, "चांगलंय." समुद्र सगळीकडं समुद्रच. गुडघे दुखतात, वाळूत चप्पल रुतते, अंगाला नुसता चिकट घाम. संध्याकाळी पलंगावर पडलो की वाटायचं, यापेक्षा चाकणची शिफ्ट बरी होती. मशीन तरी विचारायचं नाही, कसं वाटलं.

मग मुक्कामाचा बेत निघाला. जयगडला गाडीसकट फेरीबोटीत चढायचं, खाडी ओलांडायची, पलीकडं हेदवी, गुहागर करून दुसऱ्या दिवशी परत. बोट सुटली तरी जावई गाडीतच बसून राहिला. मुलगी आणि मी कठड्याला टेकून उभे होतो.

"आप्पा, राहा की आता इथंच," ती म्हणाली. "तिकडं कोण आहे तुमचं?"

"शेजारी आहे."

"शेजारी लेकीपेक्षा जवळचा झाला व्हय?"

मी सरळ सांगून टाकलं. "त्याच्यापुढं तुझ्या आईला नावं ठेवता येतात. चहाला बसलो की मी तिच्या खोड्या सांगतो, तो हसतो. तुझ्यापुढं तिचं नाव काढलं की तू ओढणी डोळ्याला लावतीस. मग मी गप बसतो. असं गप बसून बसून ती खरंच मेल्यासारखी वाटायला लागलीय."

तिनं ओढणी कमरेला खोचली. मग म्हणाली, "ठेवा नावं. मी ऐकते."

असं सांगितल्यावर पटकन काही सुचतं का? मग वार आठवला, गुरुवार. आमच्या पिंपरी-चिंचवडला कंपन्यांना सुट्टी गुरुवारची. लोणावळा असो नाहीतर आळंदी, आमचं फिरणं सगळं गुरुवारी. आणि बायकोचा दत्ताचा उपासही गुरुवारीच.

"आख्ख्या जन्मात माझ्याबरोबर हॉटेलात एक मिसळ खाल्ली नाही तिनं," मी म्हणालो. "उपासाचा वार बदल म्हटलं तर म्हणायची, कंपनीला सांगा सुट्टी बदलायला. हट्टी बाई."

मी मुलीच्या डोळ्यांकडं बघितलं. कोरडे होते.

"आणि समोर केळं सोलत बसायची," ती म्हणाली. "खावा खावा, माझ्याकडं बघू नका. कुणाच्या घशाखाली उतरणार हो? वर मला हळूच म्हणायची, बघ तुझा बाप, म्हशीगत रवंथ करतोय."

"हे मला कधी बोलली नाही."

"तुमच्या तोंडावर कशाला बोलेल? तुमच्या माघारी लई बोलायची."

"आणखी काय बोलायची?"

तेवढ्यात बोट किनाऱ्याला लागली. जावयानं हॉर्न वाजवला. मुलगी गाडीकडं निघाली आणि मी तिथंच उभा. "चला आप्पा," तिनं हाक मारली, "ते काय एका दिवसात सांगून व्हायचं नाही."

परत आल्यावर जावयाला सांगितलं, बाबा रे, आता मला कुठं फिरवू नकोस. तो बिचारा वरमला. त्याचं काही चुकलं नव्हतं. माझंच अंग आता ओढत न्यावं लागतं, झोप धड लागत नाही, इथलं पाणीही मानवत नाही. तरी शेजाऱ्याला फोन करून कळवलं की एवढ्यात येत नाही. दुपारी भांडी आवरून मुलगी माझ्या खोलीत येते. दार लोटून घेते, सासूला ऐकू जाऊ नये म्हणून, आणि खाली फरशीवर बसते. मग आम्ही दोघं तिच्या आईला नावं ठेवतो.