आभार न मानणाऱ्या अक्का

सरकारी ऑफिसात अक्का कधी उभ्या राहून बोलल्या नाहीत. साहेबाने ‘बसा’ म्हणण्याची वाटही त्या बघत नसत. टेबलासमोरची खुर्ची ओढायच्या, पिशवी मांडीवर घ्यायच्या आणि विचारायच्या, "आमचं काम कुणी बघायचं?" मी त्यांच्या मागे भिंतीला चिकटून. साहेबाच्या कपाळावरची आठी मला दिसायची, आणि काम तर माझं असायचं.

येलहंक्यात त्यांच्या घरामागच्या खोलीत मी भाड्याने राहते. अक्का टेलिफोन ऑफिसातून निवृत्त झालेल्या, कैक पिढ्यांपासूनच्या इथल्या मराठी. मी निपाणीकडची, नवरा वारलेली, चौथी शिकलेली, चार घरची भांडी घासणारी. कन्नड बोलता येतं, लिहिता येत नाही. म्हणून माझं रेशनकार्ड अडलं तेव्हा अर्ज लिहायला अक्काच होत्या.

अडलं ते माझ्या बोटांमुळे. भांडी घासून घासून रेघा पुसल्या गेल्या. दुकानातल्या यंत्रावर अंगठा ठेवला की लाल दिवा. दुकानदार म्हणाला, ठसा जुळल्याशिवाय तांदूळ नाही, आणि असंच चाललं तर कार्डावरचं नावही जाईल.

अर्ज लिहून होत आला तेव्हा मी म्हटलं, "अक्का, शेवटी ‘कृपा करावी’ असं लिहा."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "कृपा कशाची गं? साबण घेतेस, काडेपेटी घेतेस, त्यावर कर भरतेस. ह्या गावची आहेस. कृपा नको, उत्तर माग."

उत्तर आलं नाही. पुढच्या महिन्यात दुसरा अर्ज, त्याला पहिल्याची पोच जोडलेली. मग तिसरा. शिक्का मारलेली पोच हातात पडेपर्यंत अक्का खुर्चीवरून हलत नसत, आणि तेवढ्यात माझी दोन घरांची कामं बुडायची. एकदा शिपाई म्हणाला, "अज्जी, फलानुभवींची खिडकी पलीकडे आहे." फलानुभवी म्हणजे ज्याला सरकारी लाभ मिळतो तो. हल्ली सगळ्या कागदांवर हाच शब्द असतो. अक्का भडकल्या. "पूर्वी कार्डावर कुटुंबप्रमुख लिहायचे. आता फलानुभवी! लॉटरी लागली आहे का हिला?"

खरं सांगते, मला त्या शब्दाचं काहीच वाटलं नव्हतं. खिडकी पलीकडे असेल तर मी पलीकडे गेले असते. असली तत्त्वं तांदळाचा डबा भरलेल्या घरातच सुचतात, असं मी मनात म्हटलं. तोंडावर म्हणायची माझी हिंमत नव्हती.

चौथ्या महिन्यात आमच्या गल्लीतला एक पुढारी नळावर भेटला. "मेळाव्याला चल. बस आहे, जेवण आहे. टाळ्या वाजव, तुझ्या नावाचं मी बघतो." मला ते पटलं. टाळ्या वाजवायला बोलावं लागत नाही. अक्कांना न सांगता गेले.

मांडवात आम्हा बायकांना चौथ्या रांगेत बसवलं. भाषणं झाली. मग त्या पुढाऱ्याने नेमकं माझ्याकडे बोट दाखवलं आणि एका मुलीने माझ्या तोंडापुढे माइक धरला. "अम्मा, तांदूळ मिळतो ना? आभाराचे दोन शब्द बोला."

खोटं सुचायलाही थोडा वेळ लागतो, तेवढा मला मिळाला नाही. मी म्हणाले, "मिळत नाही. माझी बोटं उमटत नाहीत." माइक लगेच शेजारच्या बाईकडे गेला. मग घाबरून मी "थँक्स" म्हटलं, पण ते कुणाला ऐकूच गेलं नाही.

घरी आले तर बातमी माझ्याआधी पोहोचलेली. मला वाटलं, आज तरी शाबासकी मिळेल. म्हणून मूर्खासारखं सगळं सांगितलं, ते थँक्ससुद्धा.

"बोललीस ते बरं केलंस," अक्का म्हणाल्या. "थँक्स कशाला म्हणालीस?"

"भीती वाटली, अक्का."

"कुणाची? ज्यांनी तुझा तांदूळ अडवला त्यांची?"

मी खोलीत जाऊन दार लावून घेतलं. ह्या बाईचं समाधान कशानेच होत नाही!

पुढाऱ्याने त्यानंतर ओळख दाखवली नाही. अक्कांचे गुडघेही बिघडले आणि मुलगा त्यांना इंदिरानगरला आपल्या घरी घेऊन गेला. निघताना त्यांनी सगळ्या पोचांची फाइल माझ्या हातात दिली.

"आता तू जा."

"मी एकटी?"

"मग काय, जन्मभर मीच जाऊन बसू तुझ्यासाठी?"

गेले. खुर्ची ओढणं मला जमलं नाही, उभीच राहिले. पण एकेक पोच टेबलावर मांडत गेले. साहेबाने त्या चाळल्या, सुस्कारा सोडला आणि म्हणाला, "डोळ्यांचं यंत्र आहे ना वरच्या मजल्यावर. बोटं कशाला?" ते यंत्र म्हणे वर्षभर तिथेच होतं. कुणी सांगायचं?

तिथे डोळ्यांवरून माझी ओळख पटली. तांदूळ मिळाला त्या दिवशी मी इंदिरानगरला फोन केला.

"अक्का, तांदूळ आला."

"सरी, बरं झालं. कसा आहे?"

"खडे आहेत थोडे."

"दुकानात बघून नाही घेतलास?"

"फुकटच्या तांदळात काय बघायचं, अक्का?"

मग त्या म्हणाल्या, "इतके महिने मी कुणाशी बोलत होते गं?" आणि फोन ठेवून दिला.

मलाही राग आला. परत फोन केला नाही. पंधरा दिवसांत अक्का गेल्याचं कळलं. एवढी शिकलेली बाई, आणि आमचं शेवटचं बोलणं तांदळातल्या खड्यांवर झालं.

आता दुकानात जाताना मी घरून ताट नेते. पिशवीचं तोंड बांधायच्या आधी त्यात थोडा तांदूळ ओतून बघते. खडे दिसले की ताट दुकानदारापुढे सरकवते. बोलायला अजून जमत नाही, नुसती उभी राहते. मागच्या बायका करवादतात, "अम्मा, फुकट मिळतंय ना? घ्या आणि निघा!" मी निघत नाही. दुकानदार माझ्याकडे बघतो, ताटाकडे बघतो आणि दुसरं पोतं सोडतो.