मास्तरांची सैल चौकट

गाडी शिकवणाऱ्या मास्तरांच्या हाताखालून अर्धं गाव शिकून गेलं, पण घरात त्यांची डाळ शिजली नाही. बायको पहिल्याच फेरीला गल्लीच्या वळणावर गाडी बंद करून खाली उतरली. "ओरडून ओरडून कान किटवलेत माझे! मी पलीकडच्या चौकातल्या क्लासला जाते."

पलीकडचा क्लास म्हणजे मास्तरांचाच जुना शिष्य. त्याच्याकडे खुद्द मास्तरीणबाई शिकायला जाणार, म्हणजे उरलीसुरली अब्रूही वेशीवर. मास्तरांनी गयावया केली, तेव्हा कुठे तिनं महिनाअखेरपर्यंत मुदत दिली.

मास्तर इरेला पेटले. गाडीत न बसता गाडी शिकवणारा खेळच संगणकावर तयार करायचा! त्यांची भाची असलीच कामं करायची. तिनं फोनवरून धडे दिले. पडद्यावर एक निळी गाडी, दोन्ही बाजूंना भिंती आणि रस्ता ओलांडणारी एक म्हातारी. मास्तरांनी ऐटीत बाण दाबला. गाडी सुसाट सुटली आणि चाकं जागच्या जागी राहिली.

"मामा, चाकं गाडीला जोडली नाहीत तुम्ही. जोडलीत की गाडीबरोबर आपोआप जातील."

"आमच्या धंद्यात चाकं जोडूनच येतात," मास्तर फणकारले, पण मुकाट्यानं जोडायला बसले.

मग धडकेची पाळी आली. संगणकाला गाडी, भिंत काही कळत नाही, भाची म्हणाली. प्रत्येकीभोवती न दिसणारी चौकट आखायची, आणि चौकटीला चौकट टेकली की धडक. मास्तरांनी भराभर चौकटी आखल्या. धडक झाली की वाजायला स्वतःचाच आवाज भरला, "अगं, ब्रेक! ब्रेक!" फक्त गाडीची चौकट गाडीला जोडायची तेवढी राहिली. गाडी भिंतीतून आरपार गेली, म्हातारीच्या अंगावरून गेली, म्हातारी आपली चालतेच आहे. चालत चालत ती, जिथून गाडी सुटली होती आणि चौकट मागेच राहिली होती, त्या मोकळ्या जागी पोचली, आणि मास्तरांचा आवाज कडाडला. म्हातारी हवेला धडकून आडवी झाली.

चहा घेऊन आलेल्या बायकोला हसू आवरेना. "अहो, गाडी नसतानाही ओरडताय की!"

मास्तरांनी दात-ओठ खात चौकट जोडली आणि बायकोला खुर्चीत बसवलं. तिनं हलकेच बाण दाबला. "अगं, ब्रेक!" गाडी थांबली. भिंत अजून कितीतरी लांब होती. तिनं गाडी दुसरीकडे वळवली. "ब्रेक! ब्रेक!" तिकडेही तेच.

"आता मी काय केलं?" ती चिडली. मास्तरांनी घाईघाईनं भाचीला फोन लावला.

"चौकटी दिसू देत, मामा. उजवीकडचं बटण दाबा."

बटण दाबलं आणि पडद्यावर लाल रेघा उमटल्या. गाडी साबणाच्या वडीएवढी, आणि तिची चौकट पलंगाएवढी! शिकाऊ गाडी आहे, जरा अंतर असलेलं बरं, म्हणून मास्तरांनी ती चहूबाजूंनी सैल आखली होती. ओरडा न खाता त्या रस्त्यानं जायची सोयच नव्हती.

बायकोनं त्या लाल रेघांवरून बोट फिरवलं. "ही एवढी भीती माझी नाही हं," ती म्हणाली. "मी अजून कशालाही धडकलेली नाही."

खरंच होतं ते. मास्तरांना मनापासून लाज वाटली. परक्यांच्या हातात चाक असलं की ते खिडकीतून बाहेर बघत बसायचे. हिला काही झालं तर, या विचारानंच त्यांचा आवाज चढायचा. त्यांनी चौकटीचे कोपरे आत ओढले, गाडीला चिकटेपर्यंत. बायकोनं गाडी बाण दाबत दाबत रस्त्याच्या टोकापर्यंत नेली. मास्तरांचा आवाज एकदाही आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आपणहून खऱ्या गाडीत जाऊन बसली. शिकवणीच्या गाडीत मास्तरांच्या पायाशीही एक ब्रेक असतो. गाडी अंगणातून हलायच्या आत तो दाबला गेला होता.

तिनं वळून बघितलं. "मांडी घाला."

"सीटवर?"

"सीटवर."

मास्तरांनी चपला काढल्या, पाय वर घेतले आणि मांडी घालून तोंडावर हात ठेवला. मग तिनं गाडी रस्त्यावर काढली.