लाय-हा मावशींचा धरलेला खांदा

हाँगकाँगच्या उड्डाणपुलाखाली माझं उदबत्त्या-कागदांचं दुकान आणि समोर यिप लाय-हा मावशींचं स्टूल. मावशींचा धंदा म्हणजे आपल्या वाईटावर टपलेल्या माणसाचा कागदी पुतळा विटेवर ठेवून जुन्या चपलेने बडवायचा आणि चिंधड्या झाल्या की जाळायचा. गिऱ्हाइकामागची पीडा टळते. एकदा एक घरमालक भाडेकरूला बडवून उठला, तर मागे रांगेत भाडेकरूच उभा. मावशींनी दोघांनाही सारख्याच प्रेमाने झोडपलं.

यंदा वसंतात, ऐन हंगामात, मावशींचा उजवा खांदा धरला. जन्मभर चपला हाणल्यावर दुसरं काय होणार? पण मावशींचं निदान वेगळं होतं.

"कुणीतरी मला बडवतंय," त्या म्हणाल्या.

पहिला संशय अर्थातच शेजारच्या स्टुलावर हाच धंदा करणाऱ्या क्वोक मावशींवर.

"मी कशाला बडवू?" क्वोक मावशी म्हणाल्या. "माझाच खांदा कालपासून धरलाय. तूच नाहीस ना?"

मी लाय-हा मावशींना म्हटलं, डॉक्टरकडे जा. बाई गेल्या आणि फणफणत परत आल्या.

"म्हणतो, चपलेला हात लावायचा नाही. घरी बसा."

"मग सरळ आहे," क्वोक मावशी म्हणाल्या. "तू घरी बसलीस तर आनंद कुणाला होईल?"

मलाही उत्तर ठाऊक होतं. त्यांचा मुलगा ची-वाय वर्षानुवर्षं एकच घोकत होता, आई, पुरे आता, माझ्याकडे राहायला ये. इतका गुणी मुलगा की मला त्याचा राग येतो.

"त्याच्या त्या विसाव्या मजल्यावर मी बोलू कुणाशी?" मावशी माझ्यावरच ओरडल्या. "भिंतीशी? आठवड्यात मरेन मी."

मग त्यांनी माझ्या दुकानातून दोन पुतळे घेतले, त्यातला एक परत ठेवला आणि दुसरा क्वोक मावशींच्या विटेवर नेऊन मांडला. क्वोक मावशींनी डाव्या हातात चप्पल घेतली.

"नाव सांग."

"नाव राहू दे."

"बिननावाचा मार लागत नाही. धंदा तुझाही हाच आहे ना?"

मावशी पुतळ्याच्या कानाशी वाकून काहीतरी पुटपुटल्या आणि त्यांनी कागदाची दुमडलेली कड बोटाने सरळ केली. क्वोक मावशींनी हात उगारला.

"हळू गं," मावशी म्हणाल्या. "आणि छातीवर नको. लहानपणापासून दमा आहे त्याला."