लागू पडलं तर

सुलभाताई खुर्चीवर टेकतच नसत. पेपर तपासायचे तेही खिडकीच्या कट्ट्यावर गठ्ठा ठेवून, उभ्यानेच. सौंसरच्या त्या शाळेत मी नवीन होते. मला वाटलं, काय उत्साह आहे बाईंना! "उत्साह नाही वं," एकदा त्या म्हणाल्या. "बसली की आतून काहीतरी खाऊन राहते मले. म्हणून चालून राहिली."

डॉक्टरांनी त्याला डिप्रेशन म्हटलं होतं. गोळ्या बदलून झाल्या, डोस वाढवून झाले, उपयोग शून्य. पांढुर्ण्याचे त्यांचे थोरले भाऊ फोनवर एकच सांगत, "सुलू, मन घट्ट कर." फोन ठेवून ताई चिडायच्या, "मन म्हणजे का नळाची तोटी आहे, पिळली की घट्ट?"

शेवटी नागपूरला केटामाइन द्यायचं ठरलं. एरवी भूल देण्यासाठी वापरतात ते औषध, थोड्या मात्रेत, सलाइनमधून. सोबत मी गेले. बसमध्ये जागा असूनही ताई दारापाशी दांडा धरून उभ्या.

तिथल्या डॉक्टरबाईंनी विचारलं, "हे औषध कुणाला लागू पडेल ते रक्तावरून आधी ओळखता येईल का, याचा आम्ही अभ्यास करतोय. तुम्ही रक्त द्याल?"

ताईंचा चेहरा उजळला. "म्हणजे मी बिमार आहो, हे रक्तात दिसन? भावाले रिपोर्ट दाखवता येईन?"

"नाही हो. अजून तेवढं कळत नाही. तुम्हाला गुण येईल की नाही, हेसुद्धा आज सांगता येणार नाही."

ताई तडक बाहेर गेल्या. व्हरांड्यात येरझारा सुरू. आता आल्या पावली परत जाणार, असंच मला वाटलं. पण त्या आत आल्या आणि बाही वर केली. "घ्या. पुढच्या बाईले तरी सांगू शकान."

पहिल्या खेपेला काही झालं नाही. नंतरच्या एका खेपेला परतताना ताई सीटवर बसल्या आणि माझ्या खांद्यावर डोकं टाकून सौंसरपर्यंत झोपल्या. मी जागची हलले नाही.

गुण कायमचा नव्हता. अधूनमधून पुन्हा जावं लागे. तिथेच सावरगावची एक बाई नवऱ्यासोबत येई. तिला कशानेच फरक पडत नव्हता. एकदा सगळ्यांसमोर नवरा तिला म्हणाला, "ह्या मॅडमले पाह्य, कशा बऱ्या झाल्या. तू मनच नाही लावून राहिली."

ताई त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. "मीनं कुठं मन लावलं भाऊ? सुई टोचली तवा मी डॉक्टरले मनातल्या मनात शिव्या देत होती. औषध मले लागू पडलं, तिले नाही. काहून, ते अजून डॉक्टरलेही मालूम नाही. तिचा काय गुन्हा?"

त्या बाईने पहिल्यांदा मान वर करून ताईंकडे पाहिलं.

पुढे ताईंची बदली पांढुर्ण्याला झाली. निरोप द्यायला मी स्टँडवर गेले. बस लागली तरी त्या चढेनात.

"उद्या मलेही लागू नाही पडलं, तर माह्याकडून कोण भांडन वं?"

"मी," मी म्हटलं.

त्यांनी मला खालून वर न्याहाळलं. "मंग आवाज वाढवजो जरा. तुह्या वर्गात मागच्या बाकालेही ऐकू नाही येत."