टेकाडावरची रेंज

शिवणकामाच्या बाई मोबाइलवरून शिकवण्या घ्यायच्या. गावाबाहेरच्या जमिनीवर घर बांधायचं ठरलं, तेव्हा त्यांनी नवऱ्याला बजावलं, “आधी रेंज बघू, मगच पाया खणू.”

नवऱ्याचा जीव ओढ्याकाठच्या सपाट जागेवर जडला होता. पण इंटरनेटची केबल गावातच संपली होती आणि ओढ्याकाठी दोघांचेही फोन मुके झाले. बाई फोन उंच धरून टेकाडावर चढल्या, आणि नणंदेला व्हिडिओ कॉल चक्क लागला!

“वहिनी, मागे शेळी तुमची पिशवी खातेय!”

“खाऊ दे गं! किती स्पष्ट दिसतेस!” बाईंनी आनंदाने गिरकीच घेतली. “अहो, घर इथेच!”

नवरा धापा टाकत वर आला. “रोज एवढं चढायचं?”

“बारीक व्हाल!”

दोघंही पोट धरून हसत सुटले. दुसऱ्या दिवशी गवंड्याने पाया आखायला टेकाडावरच चुन्याची फक्की मारली.